आपल्या मशीनचा बायोस

आमच्या गाळ्यातला शेवटचा व्हिडिओ गेम पालथा घातल्याशिवाय चालत नसे. सरळ ठेवला की आतली सीडी नुसती घरघरायची आणि टीव्हीवर काळोख. पालथा घालायचा, खाली सूत गुंडाळायच्या दोन जुन्या लाकडी कांड्या आडव्या सरकवायच्या, वरून एका ठरावीक जागी अंगठ्याने हलकंसं दाबायचं, मग कुठे स्वारी जागी व्हायची. ती जागा कुठली आणि दाब किती, ते एकट्या बाबांना ठाऊक. मी कितीदा करून पाहिलं. दर वेळी बाबा मला बाजूला सारत म्हणायचे, "हो तिकडं. तुझा हात लय जड हाय." मी कंप्युटरचा कोर्स करणारी, सर्टिफिकेटवाली, आणि मला एक डबा चालू करता येईना, म्हणून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गाळा भिवंडीजवळच्या कोन गावात, कल्याणच्या रस्त्यापासून जरा आत. तिथे आधी आमचे कापड विणायचे लूम होते. बाबा मालकही तेच आणि जॉबरही तेच. म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करायला वेगळा माणूस ठेवलेलाच नव्हता. रस्त्यावरून येता येता त्यांना आवाजावरून कळायचं की आत कुठला लूम कुरकुरतोय. मग कापडाला उठाव राहिला नाही आणि आसपासच्या शेड एकेक करून बंद होत गेल्या. आमचे लूम शेवटी भंगारवाल्याने नेले, तेही अख्खे नाहीत, गाळ्यातच गॅस कटरने तुकडे करून. बाबा तो सगळा वेळ गाळ्याकडे पाठ करून रस्त्यावर उभे होते.

त्यानंतर ते जे अंथरुणावर पडले ते पडलेच. ताप नाही, खोकला नाही, डॉक्टर म्हणाला सगळं ठीक आहे. दाढी वाढलेली, नजर पंख्याला लागलेली. जेवायला हाक मारली की यायचे, चार घास गिळायचे, परत आडवे. आईने बोलून पाहिलं, रडून पाहिलं. मला दया कमी आणि राग जास्त यायचा. माणूस गेला तरी तेराव्यानंतर लोक कामाला लागतात, यांचं सुतक काही फिटेना. असं मी एकदा त्यांच्या तोंडावर बोललेसुद्धा. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. बाबांनी फक्त कूस बदलली, आणि मला ते धपाट्यापेक्षा जास्त लागलं.

व्हिडिओ गेम आणले माझ्या मामाने. कुठल्या तरी बंद पडलेल्या पार्लरचे सीडीवाले चार डबे आणि जुने टीव्ही त्याला मिळाले होते. म्हणाला, अजून चालू असलेल्या शेडमधली कारीगर पोरं शिफ्ट सुटली की जाणार कुठे? त्यांच्या खोल्यांत तर झोपायलाही पाळीपाळीने जागा. तुमचा गाळा रिकामाच आहे, लावून बघा. आईला हे अजिबात पटलं नव्हतं. राहनाळचा एक गोडाऊनवाला गाळा भाड्याने मागतच होता, त्याला देऊन मोकळं व्हावं असं तिचं म्हणणं. पण मामा डबे ठेवून गेला आणि बाबांनी त्याच संध्याकाळी स्क्रू ड्रायव्हर मागितला. मशीन काही बिघडलेलं नव्हतं. त्यांना फक्त आत काय आहे ते बघायचं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मी अक्षरशः पळत जाऊन स्क्रू ड्रायव्हर आणला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली. गाळ्यात स्टूल टाकून बसू लागले. आतली सीडी वाचायची काच मळली की कापसाच्या बोळ्याने पुसायची, सीडीवर ओरखडा असेल तर ती कशी पुसायची, कुठला डबा गरम झाला की हट्ट करतो, सगळं आपलं आपण शिकले. कारीगर पोरं त्यांना चाचा म्हणायची. "चाचा, अटक गया!" अशी हाक आली की बाबा बोळा घेऊन उठायचे. गेम काय आहे, कोण कुणाला मारतंय, त्यात त्यांना काडीचा रस नव्हता. पण मशीन अडलं की माणसाने आपल्याला हाक मारावी, एवढं त्यांना पुरत होतं. आई मनातून सुखावली होती, तोंडाने मात्र म्हणायची, "आधी लूमचा खडखडाट, आता हा ढिशांव ढिशांव. माझ्या नशिबी शांती म्हणून न्हाय."

आमच्याकडच्या विजेला कुणाची दृष्ट लागली होती कोण जाणे. ती जायची ते जायचीच, पण परत यायची ती पिसाळल्यासारखी. बल्ब आधी लाल, मग एकदम पांढराफेक. त्या झटक्यात पहिला डबा गेला, मग दुसरा. तिसऱ्याचे भाग बाबांनी चौथ्याला घातले. उरला तो हा पालथा चालणारा. दसऱ्याला बाबांनी त्याला हळदकुंकू वाहिलं तेसुद्धा पालथ्या बाजूला. आई म्हणाली, "अवो, तोंडाला तरी लावा." बाबा म्हणाले, "ह्याचं तोंड आता हेच हाय."

एकच डबा, समोर रांग लावून बसलेली पोरं, त्यातली निम्मी कंटाळून निघून जायची. गोडाऊनवाला परत येऊन चहा पिऊन गेला. हा डबा गेला की शटर पडणार आणि शटर पडलं की बाबा परत अंथरुणावर जाणार, हे आईलाही दिसत होतं आणि मलाही. मला त्या अंथरुणाची भीती वाटायची. पुन्हा एकदा तसे पडले तर हा माणूस उठणार नाही, असं मला पक्कं वाटत होतं.

म्हणून मी कंप्युटरचं डोक्यात घेतलं. कोर्सला माझ्याबरोबर असलेल्या मुलांकडून मला कळलं होतं की एक प्रोग्रॅम मिळतो, तो चालवला की कंप्युटर व्हिडिओ गेमचं सोंग घेतो. त्याच सीड्या, तेच गेम. झटका बसला तरी कंप्युटरचा एखादा भाग बदलता येतो, इथे तर डबाच फेकावा लागतो. मामाने जुना कंप्युटर जोडून दिला. पण त्या प्रोग्रॅमला एक फाईल लागायची, बायोस म्हणतात ती. खऱ्या डब्यातल्या एका चिपमध्ये ती असते. डबा चालू केल्यावर पहिल्यांदा कोण जागं होतं, तर ती. सीडी आहे का बघते, रिमोट जोडलाय का बघते, मग गेमला हाक मारते. ती नसली की सोंग घेणाऱ्या कंप्युटरला आपण कोण तेच कळत नाही.

मी भिवंडीत सायबर कॅफेत जाऊन फाईल शोधली. पहिली मिळाली तिच्यात व्हायरस. दुसरी उतरवताना अर्ध्यात लाईट गेली, ती अर्धवटच निघाली, हे मला चालवून बघतानाच कळलं. गाळ्यात बाबांच्या समोर कंप्युटर लावला, सगळं जोडलं, आणि स्क्रीन काळी ती काळीच. मी म्हटलं, "फाईल खराब आहे. उद्या दुसरी आणते."

बाबा म्हणाले, "खराब न्हाय. दुसऱ्याची हाय."

"म्हणजे?"

"एका लूमचा गिअर दुसऱ्याला बसवला तर कधी सरळ बसलाय? कानशीनं घासावा लागतो, मग बसतो. हे कुणाच्या मशीनचं, कुठून उचललेलं, काय ठावं. ते आपल्यात कसं बसंल?"

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "बाबा, ही फाईल आहे, गिअर नाही. सगळ्या डब्यांत एकच असते."

"तू बघितलीस, सगळ्यांतली?"

"नाही."

"मंग?"

कर्म माझं. बाबांचा सगळा जन्म त्या लूममध्ये गेलेला. कारखान्यातून एकाच साच्याचे निघालेले दोन लूम शेजारी शेजारी ठेवले तरी वर्षभरात दोघांचे स्वभाव वेगळे होतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. एखादी गोष्ट जगभर अक्षर न् अक्षर सारखी असू शकते, हे त्यांच्या डोक्यात शिरणारच नव्हतं. ते पालथ्या डब्यावर हात ठेवून म्हणाले, "हे जित्तं हाय अजून. ह्याच्यातली काढ."

"चिप सोडवून काढली की हे मरेल."

"मरणारच हाय ते."

"अहो पण आज चालतंय ना! फुकट मिळणाऱ्या फाईलसाठी चालतं मशीन मारायचं? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

आई गाळ्यामागच्या घरातून ओरडली, बापाशी असं बोलतात का म्हणून. बाबा मात्र चिडले नाहीत. हळूच म्हणाले, "लूम कापले तवा मी तोंड फिरवून उभा राह्यलो. त्यातलं काय वाचवलं? ह्या दोन कांड्या. ह्या येळी मना काहीतरी हातात पाहिजे, पोरी."

मी उठून टॉवेल शोधला.

भिवंडीच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीचं एक दुकान होतं. तिथल्या माणसाकडे गरम हवेची हॉट गन होती, आणि जुन्या टीव्हीच्या चिप वाचायचं एक यंत्रही होतं. आम्ही डबा टॉवेलात गुंडाळून नेला. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "चाचा, ये तो नेट पे फुकट में पड़ा रहता है."

"पडा है तो पडा रहने दो," बाबा म्हणाले. "मेरा निकालो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. त्याने बिचाऱ्याने पुन्हा एकदा समजावलं की चालू मशीन आहे, एकदा चिप काढली की परत बसेल याची गॅरंटी नाही. बाबांनी डब्याला हात जोडले आणि त्याला मानेने खूण केली.

हॉट गन सुरू झाली. जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. मला बघवेना, पण बाबा काउंटरवर ओणवे होऊन बघत होते, पापणीसुद्धा न लवता. चिप सुटून चिमट्यात आली तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढीशी?" मग ती त्या यंत्रात बसली, कंप्युटरवर एक निळी पट्टी सरकत सरकत भरली आणि फाईल झाली. एका फ्लॉपीत ती मावली, वर जागाही उरली. बाबांनी फ्लॉपी आधी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, मग रुमालात, मग शर्टाच्या खिशात.

चिप परत बसवायचा त्या माणसाने मनापासून प्रयत्न केला. "पैर उखड़ गया, चाचा," चिपचा तुटलेला पाय दाखवत तो शेवटी म्हणाला. डबा चालू करून बघितला. हिरवा दिवा लागला, बाकी काही नाही. बाबांनी सवयीने डबा पालथा घातला, अंगठा नेमक्या जागी ठेवला, दाबला. आतलं काही फिरलं नाही. त्यांनी परत दाबलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, ते टकामका बघत होतं. मीच शेवटी डबा टॉवेलात गुंडाळला. शेअर रिक्षात बाबा तो मांडीवर घेऊन बसले आणि कोन येईपर्यंत एका हाताने खिसा चाचपत राहिले. मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता, दोन्ही एकदमच.

गाळ्यात येऊन मी फाईल टाकली. प्रोग्रॅम चालू केला. स्क्रीन पांढरी झाली आणि तो सुरुवातीचा आवाज आला, गेम जागा होतानाचा, बाबांनी हजारो वेळा ऐकलेला. बाबांनी माझा दंड धरला. "बघ! आपलाच हाय. सांगितलं न्हवतं?" डोळे भरले होते त्यांचे. मी म्हटलं, "हो बाबा, आपलाच." खोटं काहीच नव्हतं त्यात. आईने त्या दिवशी कोलंबीचं कालवण केलं आणि बाबा तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिले की फाईल कशी निघाली, पट्टी कशी सरकत गेली, त्या दुकानदाराला कसं वाटलं होतं की होणार नाही.

मग माझ्या अंगात काय संचारलं! मामाकडून आणखी दोन जुने कंप्युटर आणले, तीच फाईल त्यांच्यात टाकली. बाबा विचारायचे, "ह्याच्यात बी आपलीच?" मी म्हणायचे, आपलीच. सीड्यांवर ओरखडे पडतात, म्हणून मी सगळ्या सीड्या कंप्युटरच्या आत उतरवून ठेवल्या. स्क्रीनवर प्रत्येक गेमचं चित्र लावलं. चित्रावर दोनदा क्लिक, गेम सुरू. लाईटचा त्रास नको म्हणून मामाच्या मागे लागून इन्व्हर्टर बसवून घेतला. पोरं परत येऊ लागली, पहिल्यापेक्षा जास्त. गोडाऊनवाल्याला आईनेच हसत हसत नाही म्हणून सांगितलं. गल्ल्यावरही तीच बसू लागली, तिला आता गंमत वाटत होती. शटर उघडं राहिलं होतं. मला वाटलं, जिंकले मी.

बाबा रोज यायचे. स्टूलवर बसायचे, हातात कापसाचा बोळा. सुरुवातीला ते माउसच्या पोटातला गोळा काढून पुसायचे. पण एक गोळा पुसायला असा किती वेळ लागतो? मग स्क्रीन पुसायचे, की-बोर्ड उलटा करून झटकायचे. कंप्युटरच्या पेटीला कान लावून बघायचे. मी म्हणायचे, "बाबा, काही बिघडलेलं नाही, बसा ना निवांत." तो निवांतपणा मी मोठ्या प्रेमाने त्यांच्या हातात देत होते.

एके दुपारी शिफ्ट सुटलेला एक कारीगर पोरगा आला. जुनं गिऱ्हाईक, पालथ्या डब्याच्या दिवसांपासूनचं. पूर्वी तो आला की आधी बाबांच्या पाया पडल्यासारखं करून म्हणायचा, "चाचा, आपके हाथ से लगाओ, तभी चलेगा." तो नेहमीसारखा खुर्चीत बसला. बाबा बोळा घेऊन उठले आणि त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. पोराने चित्रावर क्लिक केलं, आवाज आला, गेम सुरू झाला. त्याच्या लक्षात आलं की मागे कुणीतरी उभं आहे. मान न वळवता तो म्हणाला, "हो गया, चाचा." उद्धटपणा नव्हता त्यात, उलट चाचाला त्रास नको असाच भाव होता. बाबा तिथेच उभे राहिले. तो खेळत होता आणि ते त्याच्या डोक्यावरून स्क्रीनकडे बघत होते. बराच वेळ. मग येऊन बसले.

जेवताना बाबा मला म्हणाले, "चांगलं केलंस तू सगळं. आता काय अडत न्हाय."

बाबा कधी कौतुक करत नसत. मी लाजलेच.

मग त्यांनी विचारलं, "मंग उद्यापास्नं मी तिथं येऊन काय करू, ते सांग."

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर द्यायला मी कधी कमी पडले नाही. पण ते खरंच विचारत होते, कामावर आलेला नवा माणूस जॉबरला विचारतो तसं. भाकरीचा तुकडा हातात धरून ते माझ्याकडे बघत होते.

"गल्ल्यावर बसा," मी म्हटलं.

"तिथं तुझी आई बसते."

"पोरांवर लक्ष ठेवा."

"ती शहाणी हायेत."

मी घाईघाईने डोकं चालवत होते. काहीतरी असेलच, एवढ्या मोठ्या गाळ्यात एका माणसापुरतं काम असणारच. "आणि लाईट गेली तर?" मी म्हटलं. "लाईट गेली तर बघायला कुणी नको?"

"तो इन्व्हर्टर आपोआप चालू होतो गं," बाबा म्हणाले. "तूच बसवलास."

आईने त्यांना आणखी भात वाढायला पळी पुढे केली, आणि बाबांनी ताटावर हात आडवा धरला.